भागिले नऊशे

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900. भागाकार तिसरीतल्या पोरालाही जमावा असा: आठ तास. 2025च्या जूनमध्ये आई एकटीच माझ्याकडे यायला निघाली, तेव्हा मी तिला फोनवर छातीठोकपणे हेच सांगितलं. तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा छापलेल्या होत्या. त्या नीट पाहिल्या असत्या तरी दहाच्या आसपास उत्तर आलं असतं. पण आमचा भागाकारावर विश्वास!

आईनं मनगटावर मुंबईचीच वेळ ठेवली. आठ तास भरत आले तशी तिनं शालीची घडी केली, मोजे काढून चपला घातल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्यांदा खाणं आलं, तेही ‘आता उतरायचंच आहे’ म्हणून परत पाठवलं. तशीच दोन तास बसून राहिली. हीथ्रोला बाहेर आल्यावर पहिलं वाक्य: “काय रे, तुमच्याकडचे तास मोठे असतात का?”

7,200 म्हणजे पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याची लांबी. हा दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन यांच्यावरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022पासून बंद. पाकिस्ताननं एप्रिल 2025मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आणि आईचं विमान भारतीय कंपनीचंच. म्हणजे आधी अरबी समुद्रावरून वळसा. त्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे, म्हणजे समोरून. ताशी 900 हा हवेतला वेग. समोरून शंभरचा वारा असला की जमिनीच्या हिशेबानं आठशेच उरतात. शिवाय तिकिटावरची वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर लागेपर्यंतची. मुंबईतली धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोला गर्दी असली की उतरायची पाळी येईपर्यंत लॅम्बोर्न या ठिकाणावर माराव्या लागणाऱ्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. मी मात्र विमान थेट हवेतच सुरू करून हवेतच संपवलं होतं.

नोव्हेंबरात ती परत निघाली, तोवर मी शहाणा झालो होतो. ठाण्याहून दादानं विचारलं, “विमानतळावर किती वाजता येऊ?” तिकीट आईच्या पर्समध्ये. विमान रात्री नऊला सुटलेलं. त्यात साडेचार तासांचा फरक मिळवला, वर प्रवासाचे दहा तास: सकाळी साडेअकरा. सांगून टाकलं.

दोन्ही आकडे चुकीचे होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे फरक साडेपाचाचा झालेला. आणि तेच वारे परतताना पाठीशी असल्यानं प्रवास नऊच तासांचा. एकीकडे तास कमी धरला, दुसरीकडे जास्त. हे डोक्यात आलं ते सकाळी दात घासताना. तोवर ठाण्याहून दादा निघून पोचलासुद्धा होता.

थोड्या वेळानं त्याचा फोन. “अगदी वेळेवर टेकलं बघ विमान! गणित पक्कं हां तुझं.”

“अरे दादा, सोपं असतं ते,” मी म्हटलं.