रेक्झीन आणि पाठभेद

जुन्या मोटारींवर जे लिहिले जाते त्यात इंजिनाला मोठा मान असतो. बसण्याच्या जागेविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक मोटारीशी माणसाचा जो काही संबंध येतो तो सीटशी, दाराच्या आतल्या बाजूशी, छताच्या अस्तराशी येतो. इंजीन हे मिस्त्रींचे खाते. आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना त्यातले ओ की ठो कळत नाही. सीटविषयी मात्र गेल्या वर्षभरात थोडेफार कळू लागले आहे, तेवढेच येथे मांडतो.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळ इटालियन फियाट ११०० डी येथे १९६४ पासून निघू लागली आणि १९७४ साली तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर असल्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी, तीन माणसे सहज मावतील अशी. आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, म्हणजे अण्णा, यांनी ती शेवटपर्यंत चालवली. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि गाडी आमच्याकडे आली.

तिच्यावर कापडी आवरणे होती. ही आवरणे आई शिवत असत, टॉवेलच्या जाड कापडाची, दोन-तीन वर्षांनी नवी. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर गाडी मिळे, आणि घरी आल्या आल्या तिचे रेक्झीन झाकले जाई. खराब होऊ नये म्हणून. ही आवरणे काढली तेव्हा खाली गर्द तपकिरी रेक्झीन निघाले. पाठीच्या भागावर रंग अजून ताजा होता, बैठकीच्या कडा मात्र शिवणीवर तडकलेल्या होत्या. रेक्झीन हे एका ब्रिटिश मालाचे व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले ते नकली कातडे. आपण ‘डालडा’चे केले तेच त्याचे केले आणि आज पीव्हीसीच्या कापडालाही तेच नाव देतो. पीव्हीसी मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे. उन्हातान्हात ती द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात (बंद गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर साचतो, त्यात ती असतात) आणि कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते. वरून पॉलिश चोळल्याने चकाकी येते, गेलेला मऊपणा परत येत नाही. उलट सिलिकोनचे पॉलिश एकदा मुरले की पुढे तेथे गोंद धरत नाही.

रेक्झीनखाली कापूस, त्याखाली काथ्या, मग गोणपाट आणि तळाशी स्प्रिंगांची जाळी. पुढच्या कडेला एक पट्टी वेगळ्याच दाण्याच्या रेक्झीनची होती. कधीकाळी कोणी केलेली डागडुजी. चालकाच्या बाजूला तीन स्प्रिंगा तुटलेल्या, काथ्याचा भुगा झालेला आणि तेथे अण्णांच्या बसण्याचा स्पष्ट खळगा. चालकाच्या दारावर, कोपर टेकवण्याच्या जागी, रेक्झीनचा दाणा पूर्ण झिजून एक काळसर गुळगुळीत डाग पडला होता.

येथे आमच्यात मतभेद झाले. एकाचे म्हणणे, खळग्याला हात लावू नये. त्याखाली आधार द्यावा, तडे चिकटवावेत, पण आकार तोच ठेवावा. दुसरीचे म्हणणे, ही मोटार आहे, समाधी नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीद दिली, हे आम्ही दोघेही वर्गात शिकवतो. त्यामुळे भांडणाला परिभाषा आयतीच मिळाली. ती वेगळी पट्टी प्रक्षिप्त ठरली. पण मग मूळ पाठ कोणता? कुर्ल्याहून निघालेले रेक्झीन? ते तर आम्ही कधी पाहिलेच नव्हते. आमच्या आठवणीतली गाडी म्हणजे आईंच्या टॉवेलच्या आवरणांची गाडी. आणि खळगा हा पाठ म्हणावा की पोथीला लागलेली वाळवी?

ही चर्चा जेवणाच्या टेबलावर तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा आईंनी ताट सरकवले. म्हणाल्या, “तो खड्डा बुजवा म्हणून मी त्यांना वीस वर्षं सांगत होते. माझ्या बाजूची स्प्रिंगही तुटलीय, ती तुम्हांला दिसली नाही. मला त्यात बसवून सोलापूरला न्यायचं असेल तर आधी ती बदला. नाहीतर मी आपली एसटीनं जाईन.” आईंचे वय ८१. सोलापूर हे त्यांचे माहेर. तेथे त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली आहे, आणि आईंना तिला भेटायचे आहे ते याच गाडीतून जाऊन. आम्ही एका पाठाविषयी वाद घालत होतो आणि दुसरी पाठ दुखत होती. (हा श्लेष आमचा नव्हे, भाषेचाच आहे.)

तेव्हा काम सुरू झाले. पुण्याच्या पेठांमधले कुशनवाले आता बहुधा नव्या गाड्यांची तयार आवरणे चढवतात. काथ्या भरणारे थोडे. आम्हांला जे चाचा भेटले त्यांनी उसवण्यापूर्वी प्रत्येक शिवणीवर खडूने आडव्या खुणा केल्या, म्हणजे नवे तुकडे जोडताना मिती चुकत नाही. उसवलेले जुने तुकडे हाच फर्मा. पण ताणलेले रेक्झीन मूळ मापापेक्षा मोठे झालेले असते. ते जसेच्या तसे उतरवले तर नवी सीट पहिल्या दिवसापासून सुरकुतते. म्हणून चाचा फर्म्यात काही दोरे आत येत. किती, असे विचारले तर म्हणाले, “सर, ते हाताला कळतं.” ५४ इंच पन्ह्याचे रेक्झीन आणले, रंग जवळचा, दाणा थोडा बारीक. चढवण्यापूर्वी ते तासभर उन्हात ठेवले. तापलेले रेक्झीन ताण घेते आणि गार झाल्यावर घट्ट बसते. स्प्रिंगा बदलल्या, काथ्या नवा, त्यावर फोमचा पातळ थर. हा थर मूळचा नव्हे, आईंसाठी आहे.

दारांचे काम अधिक किचकट निघाले. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतच असते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. आतली हार्डबोर्डची फळी कोरडी राहते ती मागच्या पॉलिथिनच्या कागदामुळे. तो फाटला की फळी फुगते, क्लिपा सुटतात. नव्या फळ्या कापून त्यांच्या मागच्या बाजूला ऑइलपेंट दिला, कागद नवा लावला. जुन्या रेक्झीनवरच्या रेघा उष्णतेने दाबून उठवलेल्या होत्या, शिवलेल्या नव्हत्या. तसे यंत्र चाचांकडे नाही, म्हणून नव्या दारांवर शिवण आली. चालकाचे दार मात्र तसेच ठेवले: जुने रेक्झीन सोडवून नव्या फळीवर चिकटवले, कोपराच्या डागासकट. तीन दारे एका रंगाची, चौथे किंचित वेगळ्या. पाहणाऱ्याला ते चटकन खटकते. खटकू दे.

सरकारी नियमांना यातले काहीच दिसत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळू शकते, पण तिच्या मूळपणाची कसोटी सांगाडा, बाह्य कवच आणि इंजीन यांवर. माणसे जेथे बसली त्या जागेचा त्यात उल्लेख नाही.

सुट्या सामानाचा प्रश्न मात्र दर महिन्याला बिकट होतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर हँडल, पट्ट्या, रबरे निघत असत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर नाही. त्या टॅक्सींच्या छताला फुलाफुलांचे प्लास्टिक असे, आणि कोणी ते ‘मूळ’ आहे का म्हणून विचारले नाही. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींच्या सीटा आणि छते आपल्या नक्षीच्या कापडांनी सजवली, तीही चालकांनी आनंदाने मिरवली.

नव्या सीटवर बसणारा दीड-दोन इंच उंच बसतो. आरसा नव्याने लावावा लागला. गाडी चालवताना डोके छताला लागते की काय असे पहिले चार दिवस वाटत राहिले. आई बसून पाहून आल्या. “बरी आहे,” म्हणाल्या, आणि टॉवेलचे कापड किती मीटर लागेल ते मोजू लागल्या.

छत राहिले आहे. अस्तर तारेच्या कमानींवर ताणलेले असते आणि त्याच्या कडा काचांच्या रबराखाली दाबलेल्या असतात, त्यामुळे पुढची-मागची काच उतरवल्याशिवाय ते निघत नाही. मागच्या काचेचे रबर मिळाले, पुढच्याचे मिळालेले नाही. चाचा म्हणतात, पावसाळ्याआधी मिळाले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर. सोलापूरला त्यापूर्वीच जायचे ठरले आहे.