तीन बाजूंची समाधी

मागील काही भागांत आपण १८०२-०३ सालच्या पुण्याविषयी बोललो. होळकरांनी पुणे घेतले, बाजीराव वसईस गेला, तह झाला आणि २० एप्रिल १८०३ रोजी आर्थर वेलस्ली घोडदळासह शहरात शिरला. त्याच वेलस्लीचा माग काढत आज वेल्समधील लँगॉलेन या गावी जायचे आहे. त्याची आजी, लेडी डन्गॅनन, त्याच मुलुखात राहत असे. १८०८ साली स्पेनच्या मोहिमेवर निघताना लँगॉलेनच्या एका वृद्धेने त्याला स्पॅनिश प्रार्थनापुस्तक भेट दिले, अशी हकीकत सांगतात. ती वृद्धा म्हणजे लेडी एलिनॉर बटलर.

जन्म १७३९. घराणे आयर्लंडातील ऑर्मंडच्या बटलरांचे आणि वाडा म्हणजे किल्केनीचा किल्ला. कॅथलिक असल्यामुळे घराण्याची सत्ता ओसरली होती. ताठा मात्र शाबूत होता. (जहागीर जाऊनही पालखीची आठवण न जाणारी घराणी आपण पाहिली आहेतच.) फ्रान्समधील मठात शिकलेली, ग्रंथांत रमणारी, तिखट जिभेची ही मुलगी लग्नास तयार होईना. तेव्हा तिला कायमचे मठात धाडावे, असे घरच्यांच्या मनात आले.

सॅरा पॉन्सन्बीचे प्राक्तन निराळे. ओळखीचे आडनाव होते, पण आईबाप नाहीत, पदवी नाही, पैसा नाही. नातेवाइकांच्या आश्रयाला राहायचे आणि आश्रयदात्या गृहस्थाची नजर चुकवायची. १७७८ च्या मार्चअखेरीस एका रात्री दोघी पुरुषवेशात पळाल्या. सॅरा तेव्हा विशीत होती, एलिनॉर चाळिशीच्या जवळ आलेली. सॅरापाशी एक पिस्तूल होते आणि फ्रिस्क नावाचे कुत्रे. वॉटरफर्डच्या बाजूला त्या सापडल्या आणि त्यांची ताटातूट करण्यात आली. एलिनॉर पुन्हा निसटली आणि थेट सॅराच्या खोलीत येऊन लपली. अखेर दोन्ही घरांनी हात टेकले. मे महिन्यात त्या आयर्लंड सोडून निघाल्या, तेव्हा सोबत तिसरी एक स्त्री होती. तिचे नाव मेरी कॅरिल.

मेरी मोलकरीण होती. भांडणात सोबतच्या नोकराला शमादान फेकून मारल्याची तिची ख्याती होती. पळापळीच्या दिवसांत या दोघींना साथ दिली ती तिनेच.

१७८० पासून तिघी लँगॉलेनच्या ‘प्लास नेविड’ या घरात राहिल्या. वर्ड्‌स्वर्थ, वॉल्टर स्कॉट अशी मंडळी पुढे तेथे येऊन गेली. रोजनिशीत एलिनॉर सॅराचा उल्लेख ‘माझी प्रिया’ असा करते. प्रेमाने ती मृदू झाली, असे कथेकरी सांगतात. मला ते पटत नाही. १७९० साली एका वृत्तपत्राने त्यांच्या ‘विलक्षण’ स्नेहाविषयी आडून आडून लिहिले आणि एलिनॉरला पुरुषी ठरवले, तेव्हा ती फिर्याद करण्याच्या गोष्टी करू लागली. एडमंड बर्कने समजूत घालून तिला थांबवले. १७९१ मध्ये भावाला ऑर्मंडची पदवी परत मिळाली आणि ती रीतसर ‘लेडी’ झाली, त्याचाही तिला अभिमान होताच. ताठा गेला नाही. आपले कोण आणि परके कोण, याची तिची मोजणी तेवढी बदलली. किल्केनीचे रक्त त्या मोजणीतून वगळले गेले आणि स्वयंपाकघरातील एक बाई तिच्यात आली.

मेरीने जमवलेल्या पैशांतून एक शेत विकत घेतले होते. १८०९ मध्ये ती वारली तेव्हा ते शेत तिने सॅराच्या नावे ठेवले. मोलकरणीने मालकिणीला जमीन द्यावी, हे वाक्य मी दोनदा वाचले. माझे बहुतेक वाचन पेशवाईच्या कागदांचे. तेथे कुणबिणी भेटतात त्या खरेदी-विक्रीच्या नोंदींत, किमतीसह.

मेरीसाठी दोघींनी गावच्या चर्चच्या आवारात समाधी उभारली, तीही त्रिकोणी. एका बाजूवर मेरीचा लेख कोरला आणि उरलेल्या दोन बाजू स्वतःसाठी राखल्या. एलिनॉर १८२९ मध्ये गेली, सॅरा १८३१ मध्ये. उमरावाची लेक, अनाथ मुलगी आणि मोलकरीण एकाच दगडाखाली आहेत.

येथे थोडे घरचे सांगतो. माझ्या पणजीकडे सदाशिव पेठेतल्या वाड्यात एक बाई चाळीस वर्षे राहिल्या. पणजी मानी, शेजारणीकडेही स्वतःहून जात नसे. शेवटच्या आजारात मात्र तिला भरवायला त्याच बाई लागत, लेकीसुनांचा घास ती घेत नसे. आमच्या छापील वंशावळीत पणजीच्या सासऱ्यांचा घोडासुद्धा नावानिशी आहे. या बाई नाहीत. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

गेल्या रविवारी काकांना त्यांचे नाव विचारले. त्यांना आठवेना. आतून आईने सांगितले, अगदी माहेरच्या आडनावासह. वंशावळीच्या प्रतीत पणजीच्या नावाशेजारी समासात मी ते पेन्सिलीने लिहिले. काका म्हणाले, “शाईने लिही.”