सत्तेचाळिसाव्या वर्षीचे खाँसाहेब

वणी

चि. मृणाल हिस,


बँकेची नोकरी लागली, पुण्यातच लागली, फार बरं झालं. पण त्याच आठवड्यात तानपुऱ्याला गवसणी चढवून तो कोपऱ्यात ठेवलास, हे तुझ्या आईकडून कळलं. संगीत नाटकात जायचं तर लहानपणीच जायला हवं होतं, आता उशीर झाला, असं म्हणालीस म्हणे.

नाटक मंडळ्यांच्या काळापुरतं तुझं म्हणणं खरं आहे. बालगंधर्व 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. मास्टर दीनानाथांनी 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली ती अठराव्या वर्षी. कंपनीतच राहायचं, तिथेच जेवायचं आणि तिथेच शिकायचं. पुढे बोलपट आला आणि मंडळ्या बसल्या. 1935 साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’त एकनाथ होऊन पडद्यावर गेले.

त्याच वर्षी भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या वऱ्हाडातलं एक पोर कृष्ण झालं होतं. वसंत देशपांडे, जन्म 2 मे 1920, मूर्तिजापूर. यवतमाळहून सुटणारी शकुंतला रेल्वे जिथे जाऊन थांबायची, तेच मूर्तिजापूर. आई राधाबाईंनी त्याला नागपुरात एकटीने वाढवलं आणि शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकायला घातलं. पुढे तो मामाकडे लाहोरला गेला (मामा कामाचे असतात, हे लक्षात असू दे). तिथे असद अली खाँसाहेबांनी त्याला मारवा दिला. षड्ज जवळपास टाळून, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवताभोवती फिरत राहायचं, अशा रागात अडकलेला माणूस सहजी बाहेर येत नाही. वसंतराव तर जन्मभर मारवा गात राहिले.

एवढं सगळं गळ्यात असून नाटक मंडळी नव्हती. मग पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली, एकदोन नव्हे, वीसहून अधिक वर्षं. अधूनमधून सिनेमा, रेडिओ, पु. लं.च्या सोबतीत मैफली. साठच्या दशकाच्या मध्यावर नोकरी सुटली.

आणि 24 डिसेंबर 1967 ला ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग झाला. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आडनावात आपल्या जिल्ह्यातलं दारव्हा घेऊन फिरणारे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव, वय सत्तेचाळीस. पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर.

ही भूमिका विशीतल्या पोराला पेलली नसती, असं माझं ठाम मत आहे. एका रात्रीत दोन घराण्यांची दोन वेगळी गाणी प्रेक्षकाला कळायला हवीत. पंडितजींचं शांत, सोज्वळ, तर खाँसाहेबांचं अंगावर येणारं, वेडीवाकडी वळणं घेत समेवर आदळणारं. वर उर्दूमिश्रित बोली, अहंकार, आणि त्या अहंकाराखालचं अस्सल सुराचं प्रेम. लाहोरचा तो कान, दीनानाथांच्या गाण्याचा लहानपणापासूनचा ध्यास, सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडून मिळालेलं, सगळं तिथे एकदम कामाला आलं. मैफलीतले काही कर्मठ त्यांच्या गाण्याला नाटकी म्हणत. म्हणोत बापडे. नाटकात तेच तर हवं होतं!

आता एक सांगतो, ते कुणी गोड करून सांगितलं तर ऐकू नकोस. कारकुनीने वसंतराव घडले, असं मुळीच नाही. ती वर्षं गेली ती गेलीच. 30 जुलै 1983 ला ते गेले तेव्हा वय अवघं त्रेसष्ट. खाँसाहेब होऊन पुरती सोळा वर्षंही मिळाली नाहीत. जर्मनीत लहानलहान शहरांच्या ऑपेरागृहांतसुद्धा गायक महिन्याच्या पगारावर असतात. आपल्याकडे किर्लोस्करांनी 1880 साली, म्हणजे आपल्या वणीत बापूजी अणे जन्मले त्याच वर्षी, ‘शाकुंतल’ उभं केलं. पण पन्नास-साठ वर्षांत मंडळ्या मोडल्या आणि गाणाऱ्या नटाला पगार देणारं कुणी उरलं नाही. म्हणून म्हणतो, उशीर तुला झालेला नाही. उणीव आहे ती मंडळीची, आणि ती तुझ्या नोकरीने थोडी भरून निघते. घरभाड्याची काळजी नसलेला गळा ही छोटी गोष्ट नव्हे.

राजीनामा देऊ नकोस आणि गाणंही सोडू नकोस. रविवारचं गाणं मात्र मला मान्य नाही, ते रोजचंच हवं. बँक सुटल्यावर पुण्यात कुणाकडे शिकायला जाणार आहेस आणि कधीपासून, एवढं पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
मामा