घट्ट, पण किती?

'घट्ट' हा आपल्या मराठीतला मोठा ऐसपैस शब्द आहे. दही घट्ट लागते, मैत्री घट्ट होते, डब्याचे झाकण घट्ट बसते. कुणी माप विचारत नाही. पण मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधले जेट बसवायला घेतले, की प्रश्न पडतो : घट्ट, पण किती?

माझी बुलेट १९८६ सालची. गाडीपाशी बसून हात काळे करणे हा तेव्हा माझा रविवारचा नित्यनेम असे. (आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो देवपूजेच्या वेळेलाच येई, हा निव्वळ योगायोग!) आता तो नेमही जुना झाला. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर गेला. पेट्रोलचे माप आता संगणक ठरवतो. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखने १८९३ साली पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला, त्याचा वंश आमच्यासारख्यांच्या अंगणात उरला आहे.

जेट म्हणजे मधोमध आरपार भोक असलेला पितळेचा चिमुकला स्क्रू. त्या भोकातून येईल तेवढेच पेट्रोल हवेत मिसळायचे. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते, जास्त झाले की प्लग काळा पडतो. गाडी जागच्या जागी धुगधुगत असते तेव्हा पायलट जेट तिला पोसतो. मूठ पूर्ण पिळली की मेन जेटची पाळी. भोकाचे माप अंगावर आकड्याने कोरलेले असते. आकडा मोठा, तितकी गाडी खादाड!

साफ करताना भोकात तार घालायची नाही. पितळ मऊ असते, भोक रुंदावते आणि मग कोरलेला आकडा खोटा ठरतो. पेट्रोलने धुऊन हवेचा झोत मारावा. बसवताना आधी नुसत्या बोटांनी फिरवावे, म्हणजे आटे तिरके पडत नाहीत. शेवटी डिसमिसने हलकासा पीळ. इथेच सारी मेख आहे. कार्ब्युरेटरचे अंग हलक्या मिश्रधातूचे. जोर केला की आतले आटे उखडतात आणि दहा-वीस रुपयांच्या हौसेपायी सबंध कार्ब्युरेटर जातो. एका गॅरेजातल्या पोराने माझ्यादेखत अशी मर्दुमकी गाजवली होती. उलट, ढिला राहिला तर इंजिनाच्या थरथरीने जेट सुटतो आणि भर घाटात गाडी आचके देऊ लागते.

हा शेवटचा पीळ किती, हे मला पस्तीस वर्षे बोटे सांगत आली. अलीकडे मधुमेहाने बोटांची टोके बधिर केली. आटे लागले की नाही, हेही धड कळेनासे झाले. आणि नेमके याच वर्षी लेकीने ठरवले, बुलेट घेऊन खंबाटकीच्या घाटाने साताऱ्याला जायचे.

"कार्ब्युरेटर तू बसव," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी बघतो."

बघणे हे काम किती कठीण, ते त्या दिवशी उमगले. तिने मेन जेट बोटांनी फिरवला. डिसमिस चिमटीत, देठापाशी धरला. मूठभर धरला असता तर जोर आवरला नसता. माझे हात पाठीमागे एकमेकांत अडकलेले.

"बाबा, अजून किती?"

उत्तर मला ठाऊक होते, पण ते शब्दांत नव्हतेच कधी. "तो थांबला असं वाटलं की केसभर पुढे. मग सोडून दे."

तिने केसभर फिरवले आणि सोडून दिले. मला जरा कमीच वाटले. पण माझ्या बोटांच्या साक्षीवर आता कोण विश्वास ठेवणार? तळाची वाटी लावली, पॅकिंग नीट बसले. आत जेट बसला की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. वळणावर दिवा दिसेनासा झाला, तरी आवाज ऐकू येत होता. तो एकसारखा होता. सौ. दारात उभी होती. "सगळं घट्ट केलंय ना?" तिने विचारले.

"पुरेसं," मी म्हणालो.