चिल्लर वाजते तेव्हा

महिनाअखेरीबद्दल कोणी चार चांगले शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण संसाराला शहाणपण येतं ते त्याच आठवड्यात. नवी खरेदी थांबते, रिक्षाऐवजी पाय चालू लागतात आणि फडताळातले विसरलेले डबे उघडले जातात.

आपल्या प्रत्येक पेशीतही अशी एक धोरणी गृहिणी बसलेली आहे. शास्त्रज्ञ या विकराला ‘एएमपीके’ म्हणतात. नाव रुक्ष, पण बाई मोठी हिशेबी! एटीपी ही पेशीची नोट. कामापायी नोटा मोडत गेल्या, की एएमपी नावाची चिल्लर उरते. ती वाजू लागली, की बाई पदर खोचते. नवी चरबी करणं बंद, साठवलेली बाहेर काढा, असे हुकूम सुटतात. तीन घटकांच्या निरनिराळ्या जुळणीमुळं माणसात तिची बारा रूपं आहेत. प्रत्येक अवयवाची आवड निराळी!

माझी तिची ओळख मधुमेहानं करून दिली. माझ्या पानाशेजारी रोज असते ती मेटफॉर्मिनची गोळी. १९५७ साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ती मधुमेहावर दिल्याचं प्रसिद्ध केलं. ती एएमपीकेला जागं करते, हे दिसलं २००१ साली. पुढं २०१० मध्ये असंही आढळलं, की उंदरांच्या यकृतात ही बाई नसली तरी गोळी साखर उतरवतेच. म्हणजे गोळीला दुसऱ्याही वाटा ठाऊक आहेत.

मग संशोधकांना वाटलं, थेट बाईलाच हाक का मारू नये? २०१७ साली बाराही रूपांना एकदम उठवणाऱ्या एका रसायनाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. माकडांची साखर उतरली. पण हृदयात ग्लायकोजेन साठलं आणि हृदय आकारानं वाढलं. त्याच्या कामात बिघाड दिसला नाही, हे खरं. तरी जन्मभर घ्यायच्या औषधाला हा धोका परवडायचा कसा?

खिसा भरलेला असताना घरभर टंचाईची दवंडी पिटली, तर असंच व्हायचं! गोळी मी घेतोच. ती सोडा, असं कोणालाही सांगणार नाही. पण संध्याकाळी तासभर चालताना मला चालण्याचा मोठेपणा पटतो. तिथं टंचाई खोटी नसते. ज्या स्नायूनं खर्च केला, त्याच्याच खिशात चिल्लर वाजते, आणि बाई नेमकी तिथंच जागी होते.