पडद्यावरचे केजन, बायूकाठचे केजन

'एक्स-मेन'मधला गॅम्बिट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. लांब कोट घालणारा, पत्ते फेकून स्फोट घडवणारा! तो नसेल, तर डिस्नेच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (२००९) या चित्रपटातला रे नावाचा काजवा तरी नक्की आठवत असेल. दात पडके, मन मोठं, आणि आकाशातल्या एका ताऱ्यावर जिवापाड प्रेम करणारा. या दोघांचं इंग्रजी जरा वेगळंच आहे, नाही का? 'दॅट'च्या जागी 'डॅट', मध्येच एखादा फ्रेंच शब्द आणि बोलण्याला एक हेलकावा. कारण हे दोघंही 'केजन' आहेत.

आता हे केजन कोण? ते खरंच असं बोलतात का? की सिनेमावाले आपल्याला काहीही ऐकवतात? चला, आज त्यांच्या गावीच जाऊन पाहू या. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला मेक्सिकोच्या आखाताला लागून लुइझियाना नावाचं राज्य आहे. आपला प्रवास तिथलाच.

समजा, तुम्ही न्यू ऑर्लिन्स शहरात उतरलात. 'द बिग ईझी' (१९८६) या चित्रपटात डेनिस क्वेड हा नट याच शहरातला केजन पोलीस अधिकारी झाला होता. म्हणून तुम्ही कान टवकारून रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं ऐकू लागता. पण हे काय? इथले कितीतरी जुने रहिवासी बोलतात न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या माणसांसारखं! आयर्लंड, जर्मनी, इटली इथून आलेले लोक जसे न्यू यॉर्कला गेले, तसेच या बंदरातही उतरले. त्यांच्या बोलण्यातून ही धाटणी तयार झाली. थोडक्यात काय, न्यू ऑर्लिन्स हे केजन लोकांचं गाव नव्हेच! सिनेमातली पहिली चूक आपल्याला विमानतळाबाहेर पडल्या पडल्या सापडली.

केजन मुलूख आहे पश्चिमेकडे. गाडीत बसा. बॅटन रूज शहर मागे टाकलं की अचाफलाया नावाची प्रचंड दलदल लागते. तिच्यावरून जाणारा पूल थोडाथोडका नाही, जवळजवळ २९ किलोमीटर लांब आहे. खाली काळसर पाणी, पाण्यात उभी सायप्रसची झाडं आणि फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. हे दृश्य तुम्ही पडद्यावर शंभरदा पाहिलेलं असतं! पूल संपला की थोड्याच वेळात लाफायेत शहर येतं. आजूबाजूच्या २२ पॅरिशना (लुइझियानात जिल्ह्याला 'पॅरिश' म्हणतात) १९७१ साली विधिमंडळाने 'अकादियाना' असं नाव दिलं. हा खरा केजन मुलूख.

हे नाव कुठून आलं, ते कळायला थोडा इतिहास हवा. सतराव्या शतकात काही फ्रेंच शेतकरी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन राहिले. त्या प्रदेशाला ते 'अकादी' म्हणत. १७१३ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला हे लोक तयार होईनात. मग १७५५ साली इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावायला सुरुवात केली. घरं जाळली. घाईगर्दीत आईबाप एका जहाजात, मुलं दुसऱ्या जहाजात असंही झालं. वर्षानुवर्षं भटकून त्यांतले काही हजार लोक लुइझियानात येऊन स्थिरावले. 'अकादियाँ'चं झालं 'कादियाँ' आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं झालं 'केजन'!

लाफायेतपासून जवळच सेंट मार्टिनव्हिल नावाचं गाव आहे. तिथे चर्चशेजारी एका मुलीचा पुतळा दिसेल. ही एव्हांजेलिन. अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी १८४७ साली एक दीर्घकाव्य लिहिलं. त्यात या हाकलून दिलेल्या लोकांतल्या एका मुलीची ताटातूट होते आणि ती आपल्या प्रियकराला आयुष्यभर शोधत राहते. मुलगी कल्पनेतली, पण दुःख खरं! म्हणून केजन लोकांनी तिला आपलंच मानलं. आता गंमत ऐका. १९२९ साली तिच्यावर मूकपट निघाला आणि त्यात काम केलं डोलोरेस देल रिओ या मेक्सिकोच्या अभिनेत्रीने. पुतळाही तिच्याच रूपावरून घडवलेला आहे. म्हणजे केजन लोकांच्या नायिकेला चेहरा मिळाला तो सिनेमातून, आणि तोही मेक्सिकन! आणि रे काजवा ज्या ताऱ्यावर प्रेम करतो, त्या ताऱ्याचं नाव काय, आठवतंय? एव्हांजेलिनच! लहान मुलांच्या हसऱ्याखेळत्या चित्रपटात अडीचशे वर्षांपूर्वीची एक जखम अशी हळूच लपलेली आहे.

आता बोलण्याकडे वळू. इंग्रजीतला 'दॅट' किंवा 'थिंक' बरोबर म्हणायचा, तर जीभ दातांच्या फटीत आणून हवा सोडावी लागते. फ्रेंचमध्ये हा ध्वनीच नाही. म्हणून केजन माणूस 'डॅट' आणि 'टिंक' म्हणतो. हसू नका बरं का! तो ध्वनी मराठीतही नाही. आपणसुद्धा 'द' आणि 'थ' वापरून वेळ मारून नेतो.

आणखी एक प्रयोग करा. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा. 'पतंग' म्हणा. पट्टी फारशी हलणार नाही. आता 'फणस' म्हणा. पट्टी फडफडेल. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस 'पेन' म्हणतो, तेव्हाही पट्टी अशीच फडफडते. जुन्या केजन माणसाच्या 'पेन'ने मात्र ती जवळजवळ हलत नाही, कारण त्याचा 'प' फ्रेंच वळणाचा, म्हणजे आपल्या 'प'च्या जवळचा असतो. इतकी बारीक गोष्ट नटाला चार-सहा आठवड्यांत कशी जमणार? मग तो सोपा मार्ग धरतो. 'डॅट' म्हणतो आणि दर वाक्याला 'शेर' हा लाडाचा फ्रेंच शब्द जोडतो. खरा केजन तो शब्द 'शा' असा काहीसा उच्चारतो. २०२४ साली आलेल्या एका चित्रपटात तर गॅम्बिटच्या अगम्य बोलण्यावरच विनोद केले आहेत. म्हणजे नकलेची नक्कल!

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं? गंमतच तर आहे. पण थांबा. १९२१ साली लुइझियानाच्या नव्या राज्यघटनेने शाळेतून फ्रेंचला हद्दपार केलं. घरी फक्त फ्रेंच बोलणारी सहा-सात वर्षांची मुलं शाळेत यायची. तोंडातून फ्रेंच शब्द निघाला की शिक्षा! कधी गुडघ्यांवर उभं राहायचं, तर कधी 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' अशा अर्थाची ओळ वहीत पुन्हा पुन्हा लिहायची. बाथरूमला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता न आल्यामुळे वर्गातच फजिती झाल्याच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांनी सांगितल्या आहेत. ही मुलं मोठी झाली, आईबाप झाली आणि त्यांनी ठरवलं, आपल्या मुलांवर ही पाळी नको. मग घरात फ्रेंच बोलणं बंद झालं. भाषा गेली आणि मागे उरले ते हे उच्चार. सिनेमा जेव्हा त्या उच्चारांना 'गावंढळ माणसाची खूण' म्हणून वापरतो, तेव्हा तो नेमकं कशावर हसतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. हिंदी सिनेमात मराठी माणूस आला की त्याची भाषा कशी वेडीवाकडी करतात, ते आठवून पाहा. तेव्हा आपल्याला कसं वाटतं?

पुढे मात्र वारं फिरलं. १९६८ साली राज्य सरकारने फ्रेंच जपण्यासाठी संस्था स्थापन केली. सिल्वी द्युब्वा आणि बार्बरा होरवाथ या संशोधकांनी १९९०च्या दशकात केजन इंग्रजीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक नवल दिसलं. आजोबा 'डॅट' म्हणत होते, बाबांनी ते मुद्दाम सोडलं होतं, आणि नातू पुन्हा 'डॅट' म्हणू लागले होते! नातवांना आता केजन असण्याची लाज नव्हती, अभिमान होता.

लाफायेतहून वायव्येला तासाभरावर मामू आणि युनिस ही गावं आहेत. इथे दलदल कुठेच दिसत नाही! सपाट माळ, भाताची शेतं, गुरं. पुष्कळसे केजन अशा माळावर राहतात, पण कॅमेरा तिकडे सहसा फिरकत नाही. भाताच्या खाचरांतच छोट्या शेवंडीसारखे दिसणारे क्रॉफिश वाढवतात. जेवायला भात आणि त्यावर दाटसर गंबो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर हा शब्द इथे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे चक्क भेंडी! मार्दी ग्रा सणाला तोंडावर मुखवटे चढवून लोक घोड्यांवरून दारोदार फिरतात, नाचतात आणि गंबोसाठी शिधा मागतात. एखादा घरमालक जिवंत कोंबडी सोडतो आणि सगळे चिखलात तिच्यामागे धावतात. कोकणातल्या शिमग्याचे खेळे पाहिलेल्यांना हे पाहुणे परके वाटणार नाहीत.

आता सिनेमाच्या परीक्षेचा निकाल लावू या. 'सदर्न कम्फर्ट' (१९८१) हा मोठ्यांचा चित्रपट. त्यात केजन म्हणजे दलदलीत माणसांची शिकार करणारे लोक! मात्र शेवटच्या गावजत्रेत व्हायोलिन वाजवताना दिसतात ते खरेखुरे केजन कलावंत ड्यूई बाल्फा. भीती खोटी, सूर खरा. 'द वॉटरबॉय' (१९९८) मध्ये केजन नायक आहे, पण चित्रीकरण झालं फ्लोरिडात. 'बेलिझेअर द केजन' (१९८६) चे दिग्दर्शक ग्लेन पित्र हे स्वतःच बायूकाठचे. बायू म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा. घरचा माणूस कॅमेऱ्यामागे असला की फरक पडतोच.

आणि 'लुइझियाना स्टोरी' (१९४८)! यात एक केजन मुलगा लहानशा होडीतून बायूत फिरतो, मगरीशी झुंजतो. हा मुलगा, जोसेफ बूद्रो, तिथलाच होता, नट नव्हता. म्हणून बोली शंभर नंबरी खरी. पण चित्रपटाला पैसा होता एका तेल कंपनीचा. त्यामुळे पडद्यावर तेलविहीर येते, तेल काढते आणि सगळं होतं तसंच सुंदर ठेवून निघून जाते. प्रत्यक्षात काय झालं? तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं आणि पाणथळ जमीन मरू लागली. मिसिसिपी नदीला बांध घातल्यामुळे नवा गाळही मिळेना. १९३० च्या दशकापासून लुइझियानाची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. उच्चार बरोबर, पण गोष्ट अर्धीच!

याउलट 'बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड' (२०१२). यातलं 'बाथटब' हे गाव काल्पनिक, पण ते सुचलं इल द जाँ शार्ल या बेटावरून. बेटावरचे लोक मूळ अमेरिकन आदिवासी आणि त्यांची जुनी भाषा फ्रेंच. केजन लोकांचे हे शेजारी सिनेमाला फारसे दिसतच नाहीत. १९५५ पासून या बेटाची ९८ टक्के जमीन बुडाली. २०२२ साली बेटावरची बरीच कुटुंबं साठेक किलोमीटर आत, नव्या वस्तीत राहायला गेली. चित्रपटातली छोटी नायिका क्वेव्हेन्झने वॉलिस जवळच्याच हूमा गावची. गाव खोटं, पण अंगणात चढणारं पाणी अगदी खरं!

आपला प्रवास इथेच, बेटाशेजारच्या पॉइंट-ओ-शियाँ गावात संपवू. इथे २०२३ साली एक शाळा सुरू झाली. तिथल्या आदिवासी आणि केजन मुलांना ती फ्रेंचमधून शिकवते. ज्या भाषेसाठी पणजोबांनी शिक्षा भोगली, तीच भाषा पणतू फळ्यावर लिहितो आहे. उद्या त्यांच्यातलाच कुणी कॅमेरा हातात घेईल, तेव्हा 'डॅट' कसं म्हणायचं हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

तोवर तुम्ही एक करा. पडद्यावर एखाद्या माणसाच्या बोलण्याला सगळे हसले की स्वतःला विचारा, हा माणूस कुठला? तो असा का बोलतो? आणि त्याच्या गावचं कुणी हा सिनेमा पाहत असेल, तर तेही हसत असेल का?