भरकटलेली यादी

निवृत्तीनंतर जुने कागद आवरणे हा एक उद्योगच होऊन बसतो. मध्यंतरी असेच आवरताना आमच्याच हस्ताक्षरातली एक टीप हाती लागली. एका निवड समितीवर असताना, एका तरुण संशोधिकेच्या प्रकाशनांच्या यादीखाली आम्ही लिहिले होते : 'विषय भरकटलेला. एकसूत्रता नाही.' तिची निवड झाली नाही. पुढे तिने संशोधन सोडल्याचेही कानावर आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकनाची पद्धत आणल्यानंतरचा तो काळ; याद्या मोजण्याची आम्हांस तेव्हा चांगलीच सवय जडली होती.

ती टीप वाचून आम्हांस आठवण झाली ती दुसऱ्याच एका यादीची. जाक मिलर हे नाव वाचकांपैकी काहींना परिचित असेल. १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे जन्म, बालपणीच ऑस्ट्रेलियात स्थलांतर, आणि १९५८च्या सुमारास लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश. विषय : उंदरांना होणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया. विशिष्ट विषाणूमुळे होणारा हा रोग थायमस या ग्रंथीत सुरू होतो, आणि थायमस काढून टाकल्यास होत नाही, एवढे ठाऊक होते. मिलर यांनी थायमस काढलेल्या उंदरांत काही महिन्यांनी दुसऱ्या थायमसचे रोपण केले, तर रोग परतला! म्हणजे विषाणू अन्यत्र दबा धरून होता. मग तो थायमसविना वाढू शकतो काय? हे पाहायचे तर विषाणू टोचण्यापूर्वीच, नवजात पिलांची ग्रंथी काढणे भाग होते.

येथे वाट वळली. त्या पिलांपैकी पुष्कळशी विषाणू न टोचताही खंगून मेली. त्यांच्या शरीरात लिंफ पेशी अत्यल्प होत्या. परक्या उंदराच्या त्वचेचे रोपण त्यांच्या अंगावर निर्धास्त रुजत होते. प्रौढ प्राण्यातून काढली तरी काही बिघडत नाही, म्हणून जी ग्रंथी निरुपयोगी समजली जाई, ती बालवयात सारी प्रतिकारशक्ती घडवीत होती. मराठीत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. जिचे काम तारुण्यापूर्वीच बव्हंशी उरकते, तिची परीक्षा प्रौढपणी घेऊन काय हाती लागणार? हा निष्कर्ष १९६१ साली 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या दोन पानांत छापून आला. पीटर मेडावार यांच्यासारख्या नोबेलविजेत्या धुरंधरालाही थायमसमधील पेशींना आरंभी फारसे महत्त्व द्यावेसे वाटले नव्हते. पुढे १९६८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहम मिचेल यांच्यासमवेत मिलर यांनी दाखवून दिले, की प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात आणि थायमसमधील पेशी त्यांना साहाय्य करतात. आज ज्यांना आपण बी-पेशी आणि टी-पेशी म्हणतो, त्या ह्याच.

आता ही यादी केवळ शीर्षकांनी वाचून पाहा. आरंभी उंदरांचा ल्युकेमिया, मग त्वचारोपण, मग प्रतिपिंडे. आमच्यासारख्या परीक्षकाने खाली काय लिहिले असते, ते सांगावयास नको. सूत्र होते, पण ते शीर्षकांत नव्हते. एका निबंधात अनुत्तरित राहिलेला प्रश्न पुढच्या निबंधाचा आरंभ होत होता.

आणि गंमत अशी, की वाट फिरून मूळ गावीच आली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या कर्करोगग्रस्त बी-पेशींवर सोडण्याचा उपचार आता प्रत्यक्षात आहे. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात चाचण्या झालेल्या नेक्सकार-१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो ज्या रोगांवर दिला जातो, त्यांत ल्युकेमियाही आहे. मिलर यांना २०१९ साली मॅक्स कूपर यांच्यासमवेत लास्कर पुरस्कार मिळाला. 'लॅन्सेट'मधील त्या दोन पानांनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

प्रत्येक भरकटण्यातून टी-पेशी सापडत नाहीत, हे आम्ही जाणतो. त्या मुलीच्या यादीत काही मोठे दडले होते, असाही आमचा दावा नाही. आमची चूक निराळी आहे, आणि अधिक साधी. तिने अर्जासोबत पाच निबंध जोडले होते. आम्ही त्यांची शीर्षके वाचली होती. निबंध वाचले नव्हते.

असो. बाकीचे कागद रद्दीत गेले. ती टीप मात्र आम्ही पुन्हा खणात ठेवून दिली आहे.